डाव्या चाकाचे दोन महिने

सप्तशृंगी गडावरून उतरताना, नांदुरी दिसायला लागली त्या वळणावर आईने नाकाला पदर लावला. "काहीतरी जळतंय गं. रबर जळाल्यासारखं." मी म्हटलं, पुढे एखादा ट्रक असेल. पुढे ट्रक नव्हता. एक एसटी होती, तीही बरीच पुढे.

तो १४ जुलै २०२४, रविवार. गाडी बाबांची. २००९ च्या दसऱ्याला पेढे ठेवून ठरवलेली, ५ ऑक्टोबरला पासिंग झालेली, एमएच १५ म्हणजे नाशिकची, पेट्रोल. म्हणजे ऑक्टोबरात तिची पंधरा वर्षं भरणार होती आणि पेठ रोडला आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाला न्यायची होती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती मीच चालवते. गाडीतलं मला कळत होतं ते एवढंच: पेट्रोल कुठे भरायचं आणि हवा किती ठेवायची.

नांदुरीत चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली. पुढच्या डाव्या चाकाच्या भोकांतून बारीक धूर येत होता आणि व्हीलकॅपची कडा एका जागी मऊ पडून वाकली होती. टपरीवाला बिचारा लगेच पाण्याचा मग घेऊन धावला. शेजारी उभ्या जीपच्या ड्रायव्हरने त्याचा हात धरला. "पानी नका टाकू, डिस्क वाकडी होईल. बसा अर्धा तास." आम्ही पाऊण तास बसलो, दोन-दोन चहा झाले. एवढ्या तापलेल्या लोखंडावर एकदम गार पाणी पडलं तर डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी थाळी, वाकते, कधी तडकतेही. हॅन्डब्रेकही ओढू नका असं तो म्हणाला, गाडी गियरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. नाव न विचारताच आम्ही निघालो.

घाट उतरताना मी तिसऱ्या गियरमध्ये होते आणि पाय सारखा ब्रेकवर होता, हे कबूल करते. बाबा कायम सांगतात, ज्या गियरमध्ये चढलीस त्याच गियरमध्ये उतर. त्यामुळे वणी, दिंडोरी करत म्हसरूळला पोचेपर्यंत मला वाटत होतं की चूक माझीच, घाट संपला, विषय संपला.

विषय संपला नव्हता. खरं तर जूनच्या शेवटापासून आवाज येत होताच. आईने त्याची स्वयंपाकघरातली वर्गवारीही केली होती: एक "जात्यात खडे दळल्यासारखा", दुसरा "शेजारच्यांचा मिक्सर चालू असल्यासारखा". मी दोन्हींना पावसाचा गंज म्हणत होते. पावसात गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंजाची साय धरते आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर होते, ते खरंच नॉर्मल आहे. माझी खरखर मात्र दुपारीही असायची.

मंगळवारी, १६ जुलैला, एका गॅरेजमध्ये गाडी दिली. चाक काढून त्यांनी आतला ब्रेक पॅड दाखवला. डिस्कला घासून ब्रेक लावणारा त्याच्यावरचा थर, ज्याला मसाला म्हणतात, पूर्ण संपलेला, नुसती लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती. बाहेरचा पॅड मात्र निम्मा शिल्लक होता. हा फरक लक्षात ठेवा, तेव्हा मी ठेवला नाही. नवे पॅड १,३५० रुपये, मजुरी ४००. जात्याचा आवाज गेला. मी खूश.

पाचव्या दिवशी, गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी, पार्किंगमध्ये तोच वास.

पुन्हा गॅरेज. या वेळी त्यांनी कागदावर लिहूनच दिलं: दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग), दोन्ही डिस्क, डावं बेअरिंग, परत पॅड, सगळं मिळून १४,८०० रुपये. मी विचारलं, नेमकं बिघडलंय काय? उत्तर आलं, "जुनी गाडी आहे मॅडम, सगळंच बदलून टाका, टेन्शन नको." ते मला फसवत होते असं मी म्हणणार नाही. कदाचित त्यांच्या हिशेबाने तेच सोपं असेल. पण पाच दिवसांपूर्वीचे १,७५० रुपये वाया गेले होते आणि आता त्यातलीच एक वस्तू पुन्हा यादीत होती. बाबा म्हणाले, "दोन दिवस थांब. गाडी काय म्हणते ते आधी लिहून काढ."

मी एक जुनी वही घेतली. सकाळी सहाला मखमलाबाद रोडला रहदारी नसते, तिथे बाबांना शेजारी बसवून तीन दिवस गाडी फिरवली, ताशी ३०-४० च्या वर न जाता. (ब्रेक कमी लागत असतील किंवा पेडल खाली जात असेल तर हे अजिबात करू नका. माझं पेडल घट्ट होतं आणि गाडी नीट थांबत होती. अडचण सुटण्याची होती, लागण्याची नव्हती.) वहीत जे उतरलं ते असं.

सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की गाडी ओढून धरल्यासारखी पटकन थांबते. थंड असताना असं होत नाही, सात-आठ वेळा ब्रेक मारल्यावर होतं. स्टिअरिंग डावीकडे खेचतं. थांबल्यावर चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली, न टेकवता, तर डावीकडे तव्याजवळ हात नेल्यासारखं, उजवीकडे जेमतेम कोमट. पंधरा-वीस मिनिटं उभी ठेवली की गाडी पुन्हा मोकळी. मिक्सरचा आवाज ब्रेकशी संबंधित नाहीच: तो वेगाबरोबर वाढतो आणि रस्ता डावीकडे वळला की मोठा होतो. आणि ॲव्हरेज १६ वरून साडेबारावर आलंय. हे शेवटचं तर मे महिन्यापासून दिसत होतं, मी ते एसीच्या माथी मारलं होतं.

बाबांच्या ऑफिसमधल्या एका मित्राने नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणतात. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, "शनिवारी सकाळी या, सातला, हळू या. आणि बेटा, तो कागद पण आण." १४,८०० चा कागद त्यांना बघायचा होता. २७ जुलैला निमाणीवरून रमत-गमत पोचले तर चाचांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पोराला जॅक लावायला सांगितलं.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. चाचांनी मला स्टूल दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच फिरवा, म्हणजे विश्वास बसेल." डावं चाक अधांतरी होतं. हाताने फिरवलं, जरा जड पण फिरलं. पोराने आत बसून ब्रेक पाच-सहा वेळा दाबला, सोडला. "आता फिरवा." दोन्ही हातांनी जोर लावला, हलेना. तसंच धरून बसले. साधारण मिनिटभराने चाक कणाकणाने सैल झालं, जणू कुणीतरी मूठ हळूहळू उघडतंय. उजवीकडे हेच केलं तर पेडल सोडताक्षणी चाक मोकळं.

मग पुन्हा डावीकडे. ब्रेक दाबला, सोडला, चाक जाम. चाचांनी कॅलिपरच्या मागची छोटी निप्पल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायची तोटी, पान्याने अर्धा आटा सैल केली. चहाच्या रंगाचं ब्रेक ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि माझ्या हातातलं चाक एकदम सुटून फिरलं.

"कळलं?" त्यांनी विचारलं. मला कळलं नव्हतं. त्यांनी फडक्याला हात पुसत समजावलं. ऑइल बाहेर काढल्यावर चाक सुटलं, म्हणजे ऑइलचा दाब अडकून राहत होता. कॅलिपरचा पिस्टन, म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा दट्ट्या, गंजून अडकला असता तर निप्पल उघडूनही चाक जामच राहिलं असतं. मग दाब कुठे अडकतोय? पुन्हा ब्रेक दाबून त्यांनी या वेळी निप्पलला हात लावला नाही, वर जिथे लोखंडी नळी आणि रबरी पाइप जोडलेत तो जोड सैल केला. तिथून थोडं ऑइल आलं, चाक मात्र जामच. म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर संशयातून सुटला, वरची नळीही, आणि कॅलिपरही बराचसा. मधे उरला तो वीतभर रबरी पाइप.

बाहेरून त्या पाइपला काहीही झालेलं नव्हतं. चीर नाही, फुगवटा नाही, ओल नाही. काढून चाचांनी ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर सुजून भोक जवळजवळ मिटलं होतं, आगपेटीची काडी जाईना. शिवाय पाइप ज्या पत्र्याच्या पकडीत बसवलेला असतो ती पकड आतून गंजून फुगली होती आणि तिनेही पाइप आवळला होता. आपण पेडल दाबतो तेव्हा जोर एवढा असतो की ऑइल त्या फटीतूनही पुढे जातं. परत यायला मात्र कुणी ढकलत नाही. पिस्टनभोवतीचं रबरी सील किंचित मागे खेचतं, तेवढाच काय तो जोर. म्हणून ब्रेक लागतो चटकन आणि सुटतो मिनिटाने. तोवर पॅड डिस्कला धरून असतो, तापतो, जळतो. १४,८०० च्या यादीत हा पाइप नव्हता.

जात्याच्या आवाजाचं कारण वेगळं निघालं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो त्यातली एक गंजून बसली होती. त्यामुळे कॅलिपर सरकत नव्हता, सगळा जोर आतल्या पॅडवर, आणि म्हणून आतला संपलेला नि बाहेरचा निम्मा. चाचांनी विचारलं, "पॅड टाकले तेव्हा पिना काढून ग्रीस केल्या का?" मला काय माहीत! आता मात्र माहीत आहे: पॅड बदलताना आपण समोर उभं राहून पिना हाताने सरकतात का हे विचारायचं. ग्रीसही साधं नाही, ब्रेकसाठीचं वेगळं मिळतं. साध्याने रबर फुगतं.

मिक्सर उरला होता. यादीत डावं बेअरिंग होतं. चाचांनी डावं चाक फिरवलं, स्प्रिंगवर तळवा ठेवला, मान हलवली. मग उजवीकडे जाऊन तेच केलं आणि माझा हात धरून स्प्रिंगवर ठेवला. टेबलावर ठेवलेला फोन व्हायब्रेट व्हावा तसं काहीतरी तळव्याला लागलं. उजवं! गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर जातं, म्हणून तेव्हा आवाज वाढत होता. वहीत लिहिलं होतं मी, फक्त अर्थ लागला नव्हता. बाबा घरी शपथेवर सांगत होते की आवाज डावीकडून येतो. गाडीत बसून कानाने बाजू ओळखू नये एवढं त्यांनी नंतर मान्य केलं.

सामान लगेच मिळालं नाही. पॅड, डिस्क, बेअरिंग द्वारकेच्या दुकानांत त्याच दिवशी मिळाले. या मॉडेलचा पाइप मात्र मागवावा लागला. काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर मागितला, कारण एकाच मॉडेलमध्ये मधेच पाइपची लांबी बदललेली असते म्हणे. तेव्हा आरसीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, हेलपाटा वाचतो. दोन्ही बाजूंचे पाइप घेतले. उजवाही तेवढ्याच वयाचा होता. सहा दिवस गाडी चाचांकडे चाकाविना उभी, आणि मी सिटीलिंकच्या बसने ऑफिसला. डिस्क वाचवायचा विचार होता, पण डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते आणि व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावल्यावर डावी त्याच्या खाली भरली. एकीकडे नवी नि दुसरीकडे जुनी ठेवत नाहीत.

पाइप २ ऑगस्टला आला, ३ तारखेला काम. पाइपची जोडी १,२४०, सील आणि रबराचं किट ३८०, पॅड पुन्हा १,३५० (आधीचे जळून काचेसारखे चकचकीत झाले होते), डिस्क जोडी २,९००, ब्रेक ऑइल ४६०, बेअरिंग १,१५०, आणि मजुरी २,४००, त्यात बेअरिंग प्रेसवर दाबून घेण्याचे आले. एकूण ९,८८०. फार स्वस्तात सुटले असं नाही. सुरुवातीलाच पाइप कळला असता तर डिस्क आणि एक पॅडसेट वाचला असता.

नव्या पाइपांनंतर ब्रेकमध्ये शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायला पेडलवर मीच बसले होते, कारण पोरगा जेवायला गेला होता. खालून चाचांचा आवाज: "दाबा... दाबा... दाबा... धरा." मग पाय हळूच खाली जातो, निप्पल बंद होते. "सोडा." निप्पल उघडी असताना पाय उचलला तर हवा परत आत जाते, म्हणून "सोडा" ऐकल्याशिवाय हलायचं नाही. सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. बाटलीत आधी काढ्यासारखं काळपट ऑइल, नंतर मधासारखं पिवळं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या सर्व्हिसच्या बिलांच्या पुडक्यात ते शेवटचं २०१६ ला बदलल्याची नोंद सापडली. बाबांनी विषय बदलला. (बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं.)

परतताना निमाणीच्या सिग्नलला चर्रर्र असा नवाच आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा. बाजूला घेऊन चाचांना फोन केला. ते हसले. "थोडी रिव्हर्स घ्या." दोन-तीन हात मागे घेतली, खट् झालं, आवाज बंद. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकला होता. पावसाळ्यात, रस्ते खोदलेले असताना, हे कितीदाही होऊ शकतं.

नव्या पॅडवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक मारायचा नाही. चाचांच्या सांगण्यावरून रिकाम्या रस्त्यावर ५० वरून २० पर्यंत हळूहळू, असं आठ-दहा वेळा केलं, मधे थंड होऊ देत.

आता आरटीओ. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत अर्ज करता येतो, आणि उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा पडतात. फॉर्म २५, आरसी, चालू विमा, पीयूसी (तेव्हा १२५ रुपये) आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. परिवहनच्या साइटवर ओटीपी बाबांच्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता, तो बदलण्यात आठवडा गेला. मग एक जुनं ई-चलान निघालं, ५०० रुपयांचं. ते कुणाच्या हातून झालं यावर घरात अजून एकमत नाही. २०२४ च्या दराने नूतनीकरणाचे ५,०००, स्मार्टकार्डाचे २००, पेट्रोल गाडीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००, आणि तपासणीचं किरकोळ शुल्क. एजंट विचारतात, मी घेतला नाही. पण ऑफिसातून सुट्टी मिळत नसेल तर घेणाऱ्याला नावं ठेवणार नाही.

तारीख मिळाली २० सप्टेंबर, शुक्रवार. आई म्हणाली पितृपक्ष आहे. बाबा म्हणाले गाडी नवी नाही, तिची पंधरा वर्षं भरलीत, उलट योग्यच आहे.

पेठ रोडला साडेनऊला पोचलो, नंबर आला पावणेबाराला. सोबत पाणी आणि कागदांच्या झेरॉक्स ठेवा, आणि चेसिस नंबर कोरलेली जागा आदल्या दिवशी पुसून ठेवा. आमची मळाने दिसतच नव्हती, तिथेच फडकं शोधावं लागलं. इन्स्पेक्टर साहेबांनी टायर बघितले, हॉर्न, वायपर, इंडिकेटर. मग म्हणाले, "पुढे घ्या. ब्रेक मारा." मारला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. दोन महिने, साडेअकरा हजारांच्या वर खर्च, आणि परीक्षा दोन सेकंदांची. मी आरशातून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते गाडीच्या मागे उभे होते.

"ब्रेक दाबून ठेवा. उजवा ब्रेकलाइट लागत नाही तुमचा."

रस्त्यापलीकडच्या दुकानात बल्ब २० रुपयांना मिळाला. बाबांनी काठी बाजूला ठेवून स्वतः बसवला, आम्ही पुन्हा रांगेत लागलो, आणि सव्वाला साहेबांनी सही केली. आरसी ९ ऑक्टोबरला स्पीड पोस्टाने आली, मुदत ऑक्टोबर २०२९.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना आईने डाव्या चाकाजवळ हात नेऊन बघितला, गाडी सकाळपासून हललीही नव्हती तरी. मागचा हॅन्डब्रेक मात्र सोडल्यावर किंचित धरतो असं मला परवापासून वाटतंय. चाचा म्हणतात केबल आहे, दिवाळीनंतर या.